लंकाताई आणि चार जाड तारा

लंकाताई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. आवक-जावकच्या टेबलामागून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, हातातला शिक्का बाजूला ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या साडीवर मी जळले, बरं का."

बदली होऊन या ऑफिसात आल्याचा तो माझा पहिलाच दिवस. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली.

"काय म्हणालात?"

"जळले म्हनलं. हा मोरपंखी रंग मला आजवर गावला नाय. मी दुकानात पाय ठेवला की मोरपंखी संपतो. तुम्हाला बरा मिळाला! लंका पेटली बघा." एवढं बोलून स्वतःच्याच नावाला हसल्या आणि धाडकन पुढच्या कागदावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डझनभर मोरपंखी बांगड्या आणल्या. का, तर म्हणे, "साडी एवढी देखनी अन् हात उघडे. जळनाऱ्याला बी बघवंना."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे.

हेवा कुणाला वाटत नाही? आमच्या ऑफिसात तर तो फायलींपेक्षा जास्त साठलेला आहे. पण आम्ही बाकीचे तो नीट घडी घालून आत ठेवतो, वरून "अभिनंदन, अभिनंदन" म्हणतो आणि पेढा खाताना तो किती लहान आहे ते बघतो. लंकाताईंना घडी घालणं जमत नाही. हेवा वाटला की त्या जागच्या जागी, ज्याचा वाटला त्याला, सगळ्यांसमोर सांगून टाकतात. त्यात त्यांच्या पायऱ्याही आहेत. किरकोळ असेल तर "धूर निघाला". त्याहून जास्त असेल तर "चूल पेटली". आणि अगदीच सहन होण्यापलीकडं गेलं की लंका.

आमचे साहेब एकदा रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन खुशीत आले. साखर नॉर्मल. सगळ्यांनी वा वा केलं. लंकाताई खुर्चीतून उठल्या. "नॉर्मल? समोसे खाऊन? साहेब, मी कारल्याचा रस पिऊन पिऊन कडू झाले अन् तुमची साखर नॉर्मल? माझी तर लंकाच पेटली." साहेब बिचारे ओशाळले. त्या दिवशी त्यांनी समोसा मागवला नाही.

हद्द झाली ती आमच्या एका सहकाऱ्याची आजी वारली तेव्हा. म्हातारी नव्वदीची. दुपारी जेवली, पान खाल्लं, आडवी झाली आणि गेली. आम्ही भेटायला गेलो होतो. घरातली माणसं डोळे पुसत हे सांगत होती आणि माझ्या शेजारून आवाज आला, "काय मरन आलं हो! मी जळले." मी त्यांचा पदर जोरात ओढला. पण त्या सहकाऱ्याची आई रडता रडता हसली आणि म्हणाली, "खरं हाय बाई, मलाबी तसंच वाटलं." बाहेर पडल्यावर लंकाताई मला म्हणाल्या, "बघ. बोललं की हलकं होतं. तू कवा बोलत नायस. तुझं आत काय होत असंन?"

माझं आत काय होत असेल! मी गाते. गाते म्हणजे ऑफिसचे निरोपसमारंभ, महिला दिन, कॉलनीतला गणपती, अशा ठिकाणी मला हमखास उभं करतात. भावगीतं बरी म्हणते असं लोक म्हणतात. पण दुसरी कुणी बाई गायला उभी राहिली की मी पहिल्या ओळीपासून तिचे सूर तपासत बसते आणि शेवटी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवते. एवढ्या जोरात की कुणाला काही कळू नये.

लंकाताईंना गाणारीचा हेवा मात्र कधीच वाटला नाही. माझं गाणं झालं की त्या म्हणायच्या, "ग्वाड म्हनलीस. पन खाली काय नाय."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजी खाली. तू वर एकलीच उभी ऱ्हातीस. तुझ्या खाली जमीनच नाय."

हे खालचं प्रकरण मला बरेच दिवस कळलं नव्हतं. त्या रिक्षा थांबवत तेव्हा आधी कुठं जायचं ते सांगत नसत. डोकं आत घालून विचारत, "वाजतं का?" आमच्याकडच्या रिक्षांत मागच्या सीटखाली स्पीकरचे भलेमोठे डबे बसवलेले असतात, गाणं लागलं की दातसुद्धा हलतात. मी अशा रिक्षातून उतरून डोक्याला बाम लावायची. लंकाताई मात्र डोळे मिटून सीटवर हात ठेवून बसत. गाणं कुठलंही असो, त्यांना घेणंदेणं नसे. त्यातलं धम्म धम्म तेवढं त्यांचं.

एकदा डबा खाताना त्यांनी सगळं सांगितलं. लंकाताईंचं माहेर दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. वडील मेंढरं राखायचे. आठवीत असताना दौलताबादला ऑर्केस्ट्रा आला होता, तो बघायला त्या वडिलांच्या खांद्याला धरून गेल्या. पुढं गाणारी चकचकीत कपड्यांत होती, ढोलकीवाला होता, शिट्ट्या चालल्या होत्या. "अन् समद्यांच्या मागं एक बारका मानूस. चार जाड तारांची लांबडी गिटार घेऊन. कुनाकडं बघंना, हसंना. मी म्हनलं हा काय करतो? मग ध्यानात आलं, तो बोट उचलायचा तवा समद्यांचे पाय उचलायचे. आमचा बाप मेंढरांच्या मागं चालायचा ना, तसा. मागंच चालायचा, पन समदी त्याच्या चालीनं. सुलभा, मी त्या दिवशी त्या मानसावर जी जळले, ती अजून इझले नाय. बाकीच्यांवर जळते त्या नुसत्या ठिनग्या."

मी हसले. विषय तिथंच राहिला.

मग तीन वर्षांपूर्वी लंकाताईंचा गुडघा धरला. दर शनिवारी त्या छावणी भागातल्या एका दवाखान्यात शेक घ्यायला जायच्या. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, गावाकडं शेती आणि मेंढरं बघतात. लेक नाशिकला सासरी. सिडकोतल्या दोन खोल्यांत या एकट्या. तेव्हा गुडघ्याची चौकशी करायला मीच. पण हा गुडघा मोठा विचित्र. शेक घेऊन घेऊन तो होता तसाच राहिला आणि डाव्या हाताच्या बोटांना मात्र घट्टे पडले. एकदा कागद देताना माझ्या हाताला त्यांची बोटं लागली, तर कानशीसारखी खरबरीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर चालत असायची. एक पुढं, एक मागं, एक पुढं, एक मागं.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी त्या मला म्हणाल्या, "उद्या माझ्यासंगं चल. क्रांती चौकात काम हाय. पर्स धराया कुनीतरी पाहिजे."

क्रांती चौकातून आत एका गल्लीत वाद्यांचं दुकान आहे. खाली हार्मोनियम, तबले, भजनाच्या झांजा. लाकडी जिना चढून गेलं की वर गिटारी, ढोल, ड्रम. लंकाताई जिना असा चढल्या की गुडघ्याचं बिंग मला तिथंच कळलं.

वर दुकानाचे मालक रफीकभाई पान चघळत बसले होते. दोन मध्यमवयीन बायका बघून ते उठले. "आओ बाई. क्या दिखाऊँ? पोट्टे के वास्ते होना क्या?"

"पोट्टा नाय मला," लंकाताई म्हणाल्या, "मेरेकूच होना. ती तिकडची."

त्यांनी बोट दाखवलं तिकडं मी पाहिलं. भिंतीवर एक बेस गिटार टांगलेली होती. बाकीच्या गिटारींपेक्षा हातभर लांब, तारा चारच, पण पायजम्याच्या नाडीएवढ्या जाड. मधोमध मधासारखा रंग आणि कडेकडेनं काळपट होत गेलेली, चांगली भाजलेली भाकरी कडेला करपते तशी.

"कडंनं जळालीय बघ," लंकाताई माझ्या कानात म्हणाल्या. "माझ्यासारखीच. पाच येळा येऊन जिन्याखालूनच बघून गेले. जिना चढायची छाती नव्हती."

मग सगळं बाहेर आलं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. छावणीत एक साळवे सर राहतात, आयुष्यभर बँडमध्ये आणि चर्चमध्ये वाजवलेले. त्यांच्याकडं त्या दोन वर्षं शिकत होत्या.

"मग मला सांगितलं का नाही?"

"हसली अस्तीस."

रफीकभाईंनी गिटार काढली, पुसली, वायर स्पीकरच्या एका काळ्या खोक्याला जोडली. लंकाताईंनी आधी चष्मा काढून माझ्याकडं दिला. मग बांगड्या एकेक करून काढल्या, रुमालात बांधल्या, त्याही दिल्या. पदर कमरेला खोचला. आमच्या ताईंची उंची जेमतेम. स्टुलावर बसल्यावर पाय जमिनीला टेकेनात आणि गिटारीचं टोक पार शेजारच्या ढोलापर्यंत गेलं. पट्टा गळ्यात घालताना अंबाडा सुटला. खालून वर आलेलं एक गिऱ्हाईक जिन्यातच थांबलं. मला मेल्यासारखं झालं. मी रुमाल तोंडाला लावला. खरं सांगायचं तर हसू दाबायला.

लंकाताईंनी एक तार छेडली.

तो आवाज कानात आला नाही. तो माझ्या पायातून वर आला. कोपऱ्यातला ड्रम आपोआप कुरकुरला. भिंतीवरच्या गिटारींच्या तारा बारीक किणकिणल्या. लंकाताईंनी मान खाली घातली आणि टेबलाच्या कडेवर चालायची ती दोन बोटं तारेवर चालायला लागली.

किती वेळ वाजवलं कुणास ठाऊक. काही अवघड नव्हतं. चार-सहा सूर, पुन्हा पुन्हा फिरून येणारे. पण त्यात एक चाल होती, जड, सावकाश, कुणासाठी न थांबणारी आणि कुणाला मागं न टाकणारी. रफीकभाईंचं पान चघळायचं थांबलं. जिन्यातलं गिऱ्हाईक पायरीवर बसलं. आणि लंकाताई कुणाकडंच बघत नव्हत्या. आपल्याला कुणी ऐकतंय का, कुणाला आवडतंय का, काही नाही. दहा वर्षं शेजारी बसलेली ही बाई मला त्या क्षणी ओळखू येईना. तोंडावर इतकं समाधान मी तिच्या काय, कुणाच्याच पाहिलं नव्हतं.

मी गाते तेव्हा माझे डोळे सारखे फिरत असतात. कोण ऐकतंय, कोण मोबाईल बघतंय, कोण कुणाच्या कानात बोलतंय. पंचवीस वर्षं गाते, पण एकदाही असं मान खाली घालून गायले नाही. मला तिचं वाजवणं नको होतं. मला तिचं ते न बघणं हवं होतं. हातातल्या बांगड्या मी रुमालासकट आवळल्या.

वाजवणं थांबलं. रफीकभाई हळूच म्हणाले, "बाई, ये हाथ किधर से लाए आप?"

लंकाताईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. चष्म्याशिवायचे डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कसं वाटलं गं?"

मी म्हणाले, "बरंय की. पण ताई, आता या वयात हे... आणि आवाज म्हणजे काय, नुसतं ढब्ब ढब्ब. त्यात गाणं कुठंय?"

असं मी म्हणाले. अगदी गोड आवाजात.

लंकाताईंनी गिटारीवरून एकदा हात फिरवला. "व्हय," त्या म्हणाल्या, "गानं नाय त्याच्यात." मग पट्टा काढला, गिटार रफीकभाईंच्या हातात दिली, माझ्याकडून रुमाल घेतला आणि एकेक बांगडी परत हातात चढवली. रफीकभाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी जिन्याकडं बघायला लागले.

परत येताना त्यांनी पहिली दिसली ती रिक्षा थांबवली. डोकं आत घालून काही विचारलं नाही.

सोमवारी आमच्यातले जाधव ऑफिसात पेढे घेऊन आले. नवी स्कूटर घेतली होती. त्यांनी पेढ्यांचा डबा आधी लंकाताईंपुढं धरला आणि पुढं काय येणार हे माहीत असल्यानं आधीच हसायला सुरुवात केली. लंकाताई म्हणाल्या, "छान झालं. सावकाश चालवा." पेढा घेतला आणि शिक्का मारायला लागल्या. जाधव डबा धरून तसेच उभे. मग खाली गेले आणि स्कूटर सगळ्या बाजूंनी पुन्हा बघून आले. आपण फसलो की काय, असं त्यांना वाटलं असावं.

मंगळवारी एकीच्या मुलीचं लग्न परदेशातल्या मुलाशी ठरलं. "सुखी राहू दे." गुरुवारी साहेबांना हवी तिथं बदली मिळाल्याची बातमी आली. "चांगलं झालं साहेब." साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, "बाईंना काही गंभीर झालंय का? मला सांगा, मेडिकल रजा मंजूर करतो."

दुसऱ्या आठवड्यात मी कपाटातली कोरी पैठणी काढली. ऑफिसात पैठणी नेसून जायचं काही कारण नव्हतं. सगळ्या बायका जमल्या, पदर पुढून पाहून झाला, मागून पाहून झाला. मी मुद्दाम लंकाताईंच्या टेबलाला वळसा घालून दोनदा गेले. त्यांनी मान वर केली. "चांगली हाय," म्हणाल्या.

मी दिवसभर ती पैठणी अंगावर वागवली आणि दिवसभर ती मला टोचत राहिली.

शनिवारी सकाळी मी सिडकोत त्यांच्या घरी गेले. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण जिना चढताना वाक्य काही जुळेना. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर दाराआडून गाणं ऐकू आलं. कुणी बाई भावगीत म्हणत होती. आवाज स्वच्छ, समजून म्हणणारी. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची लाज वाटते. मनात आलं, ही कोण सटवी आता? लंकाताई माझं सोडून हिचं ऐकतात होय? मी कान देऊन तिचे सूर तपासायला लागले. तेवढ्यात गाण्यात कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखला, आमच्या जुन्या हेडक्लार्कचा होता. त्यांच्या निरोपसमारंभात पहिल्या रांगेत बसून ते असेच खोकत होते.

आवाज माझाच होता.

आणि माझ्या आवाजाखाली काहीतरी गुणगुणत होतं. बारीक, घुमल्यासारखं, भिंतीतून आल्यासारखं.

मी बेल वाजवायची विसरले आणि दार ढकललं. लंकाताई जमिनीवर बसल्या होत्या. समोर मोबाईल. मांडीवर एक जुनाट, रंग उडालेली बेस गिटार, साळवे सरांनी सरावाला दिलेली. तिला जोडायला खोकं नव्हतं, म्हणून तिचं टोक त्यांनी लोखंडी कपाटाला टेकवलं होतं. तार छेडली की सबंध कपाट घुमायचं.

मला बघून त्यांनी मोबाईलवर झडप घातली. गाणं बंद झालं. जन्मात पहिल्यांदा मी लंकाताईंना लाजलेलं पाहिलं.

"सरावाला कायतरी लागतं," त्या म्हणाल्या. "घरात बोलाया कोन हाय? निरोपाच्या दिशी फोनात भरलेलं तुझं गानं लावते अन् त्याच्याखाली वाजवते. राग नको मानू."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. "ताई, त्या दिवशी दुकानात मी खोटं बोलले. तुम्ही फार सुंदर वाजवलंत. मी जळले."

लंकाताईंनी मांडीवरची गिटार बाजूला ठेवली. "खोटं बोललीस?"

"हो."

"अगं, मला वाटलं खरंच वाईट वाजलं. तू गानारी, तुला कळतं, म्हनून तर तुला नेलं. पर्सचं काय, ती खांद्याला बी अडकवता येती." मग एकदम थांबल्या. पुढं सरकल्या. "थांब, थांब. तू काय झालीस म्हनलीस?"

"जळले."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर."

"अजून एकदा म्हन."

"लंकाताई, मी तुमच्यावर जळले."

"कितपत? नुसता धूर का कसं?"

"धूर कसला? पोटात आग आग झाली. तुमच्या बांगड्या फोडाव्यात असं वाटलं."

त्यांनी हात गालाला लावला. चेहरा असा उजळला की जणू कुणी दारात वाजंत्री आणून उभी केली होती. आणि मग डोळ्यांत पाणी आलं. "चौपन्न वर्षांत माझ्यावर कुनी जळलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "माझ्यात हायच काय असं, ज्याच्यावर कुनी जळावं? मी आपली दुसऱ्याचं बघत आले. मला वाटायचं, एकदा तरी कुनीतरी माझ्याकडं बघून म्हनावं." त्यांनी पदरानं नाक पुसलं, उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला. स्वतःच्या चहात त्या दिवशी त्यांनी चक्क दोन चमचे साखर घातली.

दुपारी आम्ही क्रांती चौकात गेलो. जिन्यावरून वर जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण गिटार विकली गेली असती तर ते पाप माझंच होतं. ती भिंतीवर नव्हती. मी मटकन स्टुलावर बसले. रफीकभाई आत गेले आणि कापडात गुंडाळलेली गिटार घेऊन आले. "दो जने पूछके गए," ते म्हणाले. "मैं बोला, ये बाई की है. आएँगी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आप को आज आवाज समझा क्या?" मी हो म्हणाले. पैशांची तजवीज लंकाताईंनी कधीच करून ठेवली होती.

घरी आल्यावर त्यांनी गिटार नव्या छोट्या खोक्याला जोडली. मी मोबाईल लावायला घेतला तर त्यांनी तो काढून घेतला. "आता फोन कशाला? म्हननारी हाय की हितं. त्येच म्हन, निरोपाचं."

मी म्हणायला लागले. दोन ओळी झाल्या आणि खालून त्यांचे सूर आले. पंचवीस वर्षं गात होते, पण पायाखाली काही असल्यावर कसं गायलं जातं ते मला ठाऊकच नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच. बघायला समोर कुणी नव्हतं. माझे डोळे कधी मिटले ते मला कळलं नाही.

दुसऱ्या कडव्यात, तिसऱ्या ओळीशी, माझे शब्द गेले. हेडक्लार्कच्या निरोपाच्या दिवशी नेमके तिथंच गेले होते. तेव्हा मी भर समारंभात तोंड उघडं टाकून उभी राहिले होते आणि लोकांनी दयेपोटी टाळ्या वाजवल्या होत्या. तोच घाम पुन्हा फुटला.

लंकाताई मात्र थांबल्या नाहीत. पुढंही गेल्या नाहीत. सगळ्यांत जाड तारेवर त्यांनी एकच सूर धरला, मान खाली घालून, सावकाश, एक, दोन, तीन, चार. त्या सुराला कसलीच घाई नव्हती. मला शब्द सापडला, मी ओळ उचलली आणि त्या माझ्याबरोबर बरोबर पुढं सरकल्या.

गाणं संपल्यावर मी म्हणाले, "ताई, माफ करा, मधे चुकले."

"कुठं चुकलीस?"

"दुसऱ्या कडव्यात. थांबले नाही का मी?"

"अगं, तिथं थांबायचंच अस्तं की," त्या म्हणाल्या. "गानंच तसं हाय. मला बसवायला लई दिस लागले ते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी मूळ गाणं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं ते फक्त माझं.

आता दर शनिवारी आम्ही ते म्हणतो, आणि त्या ओळीशी मी थांबते.